गोड्या पाण्यातली मासळी आणि वाइन: पुण्यातल्या नवख्यांसाठी

मासे असतील तर व्हाइट वाइन घ्यावी, एवढा सल्ला बहुतेकांच्या कानावर असतो. सल्ला वाईट नाही, पण तो लोणी, लिंबू आणि मिठात होणाऱ्या माशाला धरून आहे. आपल्याकडे चिलापी लाल तिखटात घोळून तव्यावर पडते, रोहू भाजक्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजतो आणि मरळ हिरव्या मसाल्यात मुरते. शिवाय हे मासे धरणातले, नदीतले, तळ्यातले. पापलेट-सुरमईची सवय असलेल्या नाकाला त्यांचा वास वेगळा लागतो. म्हणून गोड्या पाण्यातल्या मासळीसोबत बाटली निवडताना मला तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात: माशाला मातकट वास किती आहे, त्याच्या अंगात चरबी किती आहे, आणि मसाला कोणता पडणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन्हींपेक्षा भारी ठरतं. एकच रोहू हिरव्या मसाल्यात केला तर एक वाइन लागते, काळ्या मसाल्यात केला तर दुसरी.

पायरी १: मासा समजून घ्या

पुण्याला गोड्या पाण्यातला मासा पुरवणारं मोठं ठिकाण म्हणजे उजनी. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याचं फुगवट्याचं पाणी इंदापूर-दौंडकडे पसरलं. सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवरचं भिगवण त्या पाण्याच्या कडेला आहे. तिथला मासळी बाजार आणि रस्त्यालगतची मच्छीची हॉटेलं पुणेकरांच्या चांगल्या ओळखीची आहेत. शहरात गणेश पेठेतल्या मासळी बाजारात किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात गेलात तर चिलापी, रोहू, कटला आणि मरळ दिसतील, नशीब असेल तर वाम आणि शिवडाही. रोहू-कटला आंध्रातल्या तळ्यांतूनही बर्फात भरून येतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा समुद्राची ताजी मासळी कमी होते. गोड्या पाण्यातल्या माशांची चव घ्यायला सुरुवात करायची तर हे दिवस चांगले.

आता वासाबद्दल, कारण वाइनची अर्धी निवड इथेच ठरते. समुद्री मासा शिळा होऊ लागला की जो उग्र वास सुटतो, तो ट्रायमिथाइलअमाइन या संयुगाचा. समुद्री माशांच्या अंगात ते ज्यापासून तयार होतं तो पदार्थ भरपूर असतो, गोड्या पाण्यातल्या माशांत फार थोडा. त्यामुळे ताज्या चिलापीला तो वास जवळपास नसतोच. तिला वास येतो तो ओल्या मातीचा. त्यामागे मुख्यतः जिओस्मिन नावाचं संयुग असतं. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू ते तयार करतात, आणि माशाच्या कातडीत व चरबीत ते साठतं. पहिल्या पावसानंतर मातीला सुटणारा वास आणि बीटाचा मातकटपणा यांचं कारणही हेच. आपलं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. एका लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम जिओस्मिन असलं तरी ते कळतं. उन्हाळ्यात पाणी आटून हिरवं झालं की मासा जास्त मातकट लागतो तो यामुळे.

आंबटाने हा वास उतरतो, कारण आम्लात जिओस्मिनचं रूप बदलतं आणि वास जातो. नदीकाठच्या स्वयंपाकात चिंच, लिंबू, आमसूल एवढं का वापरतात याचं उत्तर यातच आहे, आणि आंबटसर वाइन या माशांना का मानवते याचंही. तरी वाइनवर सगळा भार टाकू नका. मासा साफ करताना पोटाच्या आतला काळा पापुद्रा चाकूने खरवडून काढा. कल्ले आणि कण्यालगतचं रक्त स्वच्छ धुवा. मग तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवा आणि सुटलेलं पाणी टाकून द्या. एवढं केलेला मासा वाइनजवळ निम्म्याने सोपा होतो. घेतानाही पारखून घ्या: कल्ले लाल, डोळे फुगीर आणि चकचकीत, अंग बोटाने दाबल्यावर लगेच वर येणारं. भिगवणहून आणणार असाल तर डब्यात माशाच्या वजनाएवढा बर्फ टाका. थाई मांगूर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे.

चरबीचं गणित सोपं आहे. चिलापी आणि मरळ कमी चरबीच्या. चिलापीचं मांस मऊ, मरळीचं घट्ट आणि काट्यांना कमी. रोहू मध्यम. कटल्याचं डोकं आणि पोटाकडचा तुकडा चरबीदार. वाम आणि शिवडा तर हाताला तुपकट लागावेत असे. चरबी जितकी जास्त, तितकी वाइन आंबट किंवा बुडबुड्यांची हवी. हलक्या माशाला वाइनही हलकीच बरी.

पायरी २: वाइनमधल्या चार गोष्टी ओळखा

फुलांचे, फळांचे, गवताचे वास नंतर कधीतरी शिकता येतील. सुरुवातीला घोट तोंडात ठेवून चारच गोष्टी शोधा.

पहिला आंबटपणा. घोट गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं तर वाइनमध्ये आंबटपणा भरपूर आहे. गोड्या पाण्यातल्या माशासाठी ही गोष्ट मी सगळ्यात वर ठेवेन.

दुसरा गोडवा. किंचित गोडवा तिखटाची आग शमवतो. आपल्या मसाल्यांसोबत अगदी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन बहुतेक वेळा कडक लागते, म्हणून थोडी गोडसर वाइन घेण्यात कमीपणा मानू नका. ‘खरे जाणकार कोरडीच पितात’ असं सांगणाऱ्यांनी ती झणझणीत रश्श्यासोबत पिऊन पाहावी.

तिसरा तुरटपणा. कच्चं जांभूळ किंवा फार उकळलेला कोरा चहा तोंडात जो कोरडेपणा आणतो तो टॅनिनचा. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन येतं. तिखटावर ते अंगावर येतं, जिभेची आग वाढवतं. माशाशी रेड वाइनचं आणखी एक भांडण आहे. जपानमधल्या मर्सियन या कंपनीच्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं की वाइनमधलं लोह सागरी शिंपल्यांतल्या असंतृप्त मेदाशी मिळून तोंडात हिवस वास उभा करतं. लोह जास्त, तर वास जास्त. लोह साधारणपणे रेडमध्ये जास्त निघतं, म्हणून मासा आणि रेड यांचं पटत नाही ही जुनी समजूत बरीचशी खरी ठरते. चिलापी-मरळीसारख्या कमी चरबीच्या माशात धोका कमी आहे, पण आहे.

चौथं अल्कोहोल. लेबलवरचा टक्क्यांचा आकडा बघा. तिखट आणि अल्कोहोल दोन्ही जिभेच्या त्याच नसा चेतवतात. साडेतेरा-चौदा टक्क्यांची वाइन तिखट रश्श्यावर जाळते. साडेबारापर्यंतची निवडलीत तर बरं पडेल.

पायरी ३: बाटली घ्या

पुणेकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात इंडाजचा कारखाना उभारला आणि तिथली ओमर खय्याम ही बुडबुड्यांची वाइन परदेशात गेली. ती कंपनी पुढे बंद पडली, पण या भागात वाइनची द्राक्षं होऊ शकतात हे तिने दाखवून दिलं. नाशिकला सुला या वाइन कंपनीने १९९७ साली सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जाती लावल्या आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. २००१ साली राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं. पुढे अकलूजजवळ फ्रातेल्लीचे मळे आणि दौंड तालुक्यात पाटसजवळच्या रोटी गावात फोर सीझन्सची वायनरी झाली. अकलूज नीरेकाठी आहे, आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. उजनीची चिलापी आणि अकलूजची वाइन एकाच भीमेच्या खोऱ्यातली आहेत. पहिल्या खरेदीसाठी ही जोडी मला फार आवडते.

द्राक्षाच्या हंगामाचा उपयोग खरेदीत करून घ्या. आपल्याकडे एप्रिलमधली खरड छाटणी आणि पावसाळा सरतानाची गोडी छाटणी झाली की वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. साधी व्हाइट आणि रोझे काही महिन्यांत बाटलीत येते आणि ताजी असतानाच तिची चव खुलते. म्हणून लेबलवरचं साल वाचा. यंदाचं किंवा गेल्या वर्षीचं असेल तर घ्या, तीन-चार वर्षांची साधी व्हाइट टाळा. बाटली उन्हात किंवा दिव्याखाली उभी असेल तर मागची मागा. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, त्या दिवसांत एसी असलेल्या दुकानातूनच घ्या आणि बाटली गाडीच्या डिकीत ठेवून इतर कामं उरकत बसू नका. महाराष्ट्रात वाइन घ्यायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत.

लेबलवर काय वाचायचं ते थोडक्यात. शेनिन ब्लां ही आपल्याकडची सगळ्यात सोयीची द्राक्षजात: आंबटपणा चांगला, वास सौम्य फळांचा, आणि काही बाटल्यांत किंचित गोडवा. सुलाची शेनिन अशी थोडी गोडसर आहे. सोव्हिन्यों ब्लां कोरडी, हिरव्या वासाची, पेरू आणि ढोबळी मिरचीची आठवण देणारी. व्हियोन्ये भरलेल्या अंगाची आणि सुगंधी, आंबटपणा कमी. रीसलिंग आंबट आणि सुवासिक. रोझे म्हणजे काळ्या द्राक्षांची साल थोडाच वेळ रसात ठेवून केलेली गुलाबी वाइन. आपल्याकडे ती झिनफांडेल किंवा शिराझची मिळते. स्पार्कलिंगवर, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनवर, ‘ब्रूट’ लिहिलं असेल तर ती कोरडी. ‘लेट हार्वेस्ट’ लिहिलेली बाटली जेवणानंतरच्या गोडासाठी असते, माशाला घेऊ नका. ‘रिझर्व्ह’ लिहिलेली बहुधा लाकडी पिंपात मुरलेली असते. तिचा उपयोग एका ठिकाणी होतो, तो पुढे सांगतो.

पहिल्यांदा दोनच बाटल्या घ्या: एक किंचित गोडसर शेनिन ब्लां आणि एक रोझे. घरात होणारे माशाचे बहुतेक प्रकार या दोघींत भागतात. साडेसातशे मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात, त्यावरून माणसांचा हिशोब करा. भारतीय व्हाइटला बहुधा फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे बूच काढायच्या स्क्रूचीही गरज पडत नाही.

पायरी ४: नीट थंड करा

व्हाइट, रोझे आणि स्पार्कलिंग घरच्या फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवा. फ्रिज चार-पाच अंशांवर असतो आणि एवढ्या गारठ्यात वाइनचा वास बंद होतो. व्हाइट आणि रोझे पानं वाढायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे आठ-दहा अंशांवर येतील. स्पार्कलिंग मात्र थेट फ्रिजमधून ग्लासात ओता. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून त्यात बाटली बुडवा, अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात बाटली हळू थंड होते, कारण बर्फाचे खडे तिला सगळीकडून टेकत नाहीत. ग्लासात बर्फ टाकू नका. आंबटपणा पातळ होतो आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो.

काट्यांचा मासा हातानेच खायचा. उजवा हात रश्श्यात असताना ग्लास डाव्या हाताने उचलायचा, म्हणून ग्लास ताटाच्या डावीकडे मांडा. बारीक गोष्ट आहे, पण बोटांचा मसाला ग्लासाला लागला की पुढच्या प्रत्येक घोटाला वाइनआधी त्याचाच वास येतो.

पायरी ५: मसाल्याप्रमाणे जोडी लावा

तव्यावरची चिलापी. लाल तिखट, आलं-लसूण, वरून तांदळाचं पीठ किंवा रवा. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणली गेली, आणि आज उजनीत ती घरचीच झाली आहे. मांस हलकं, कवच तेलकट आणि कुरकुरीत. इथे ब्रूट स्पार्कलिंग उत्तम. बुडबुडे आणि आंबटपणा तेल धुऊन काढतात आणि पुढचा घास पहिल्यासारखाच लागतो. स्पार्कलिंग नसेल तर सोव्हिन्यों ब्लां. तिखट जबर असेल, भिगवणकडच्या हॉटेलांत असतं तसं, तर गोडसर शेनिनकडे वळा. तळलेल्या तुकड्यावर लिंबू मात्र पिळाच.

हिरव्या मसाल्यातली मरळ. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, थोडा पुदिना. सोव्हिन्यों ब्लांमध्ये मिथॉक्सिपायराझिन नावाची संयुगं असतात, ढोबळी मिरचीचा वास देणारी तीच. हिरव्या वाटणाशेजारी हा वास परका वाटत नाही. मरळीचं घट्ट मांस आणि ही कोरडी वाइन यांचं फार छान जमतं. जोडी कशी जमते हे एका घासात समजून घ्यायचं असेल तर मी याच ताटापासून सुरुवात करायला सांगेन.

आता काळ्या मसाल्याचा रस्सा. सगळ्यात अवघड ताट हेच, आणि पुणे-सोलापूर पट्ट्यातलं सगळ्यात आपलंही. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईस्तोवर भाजलेला, लवंग, मिरी, दगडफूल, वर लाल तर्री. त्यात रोहू किंवा वाम. नाजूक व्हाइट इथे पाण्यासारखी लागते. तुरट रेड जाळते, आणि लोहाचा प्रश्न वेगळाच. माझी पसंती चांगल्या थंड केलेल्या शिराझ रोझेला. तिच्यात लाल फळांची चव असते, त्यामुळे भाजक्या खोबऱ्यासमोर ती टिकते; टॅनिन नाममात्र असतं, त्यामुळे तिखटाशी भांडत नाही; आणि आंबटपणा वामेची चरबी कापतो. थोडा गोडवा असलेली रोझे मिळाली तर आणखी बरी.

याच रश्श्याला दुसरा रस्ता आहे, तिखट बेताचं असेल तर. ओक लाकडाच्या पिंपात मुरलेल्या वाइनमध्ये लाकडातून लॅक्टोन नावाची संयुगं उतरतात आणि त्यांचा वास चक्क खोबऱ्याचा असतो. त्यामुळे हलकी पिंपात मुरलेली शार्दोने (ही व्हाइटचीच एक द्राक्षजात) किंवा रिझर्व्ह शेनिन भाजक्या खोबऱ्याच्या वाटणाशी छान बोलते. अट मात्र पाळा. तर्री लाल झाली, मिरची वाढली की लाकडाची चव कडू होते. घरी लहान मुलांसाठी करतो तसा सौम्य रस्सा असेल तेव्हाच ही बाटली उघडा. रेडच हवी असा घरात कोणाचा हट्ट असेल तर रस्सा बाजूला ठेवा आणि कोरडं, जाडसर मसाल्याचं मरळ सुकं करा. सोबत पिंपात न मुरलेली, कमी टॅनिनची तरुण रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून द्या. कॅबर्ने सोव्हिन्यों ही तुरट रेड माशाजवळ आणू नका.

रश्श्यासोबत घोट कधी घ्यायचा यालाही महत्त्व आहे. रश्श्याचा भुरका मारून लगेच वाइन प्यायलात तर दोन्हींची चव जाते. आधी ज्वारीच्या भाकरीचा किंवा इंद्रायणी भाताचा घास घ्या, मग घोट. भाकरी-भात तिखट शोषून घेतात आणि वाइनला जागा करून देतात. बाजरीची भाकरी किंचित कडसर असते, वाइनसोबत ज्वारीचीच बरी.

चिंचेचं किंवा आमसुलाचं आंबट कालवण. नियम एकच: वाइन ताटापेक्षा आंबट हवी. कमी आंबट वाइन चिंचेपुढे सपक लागते. सोव्हिन्यों ब्लां किंवा ब्रूट घ्या. व्हियोन्ये इथे कमी पडते.

मोहरीतला रोहू. पुण्यात कामानिमित्त आलेली बंगाली कुटुंबं पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडचा मोहरीतला रोहू-कटला ज्याने खाल्ला तो विसरत नाही. मोहरीचा झणका जिभेपेक्षा नाकात चढतो. त्याला गोडसर रीसलिंग किंवा गोडसर शेनिन लागते. कोरडी वाइन कडवट होते. दह्यातला कटला त्यामानाने सोपा आहे. त्याला शेनिन चालते आणि व्हियोन्ये तर शोभून दिसते.

शिवड्याचे चरबीदार तुकडे निखाऱ्यावर भाजले तर ब्रूट, नाहीतर रोझे. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचं मांस मुळात गोड असतं, तिला व्हियोन्ये द्या. हॉटेलात मिळणारा बटर-गार्लिक बासा असेल तर साधी शार्दोने, फार विचार नको. सुक्या मासळीसोबत मात्र वाइन उघडू नका. तिचा वास कुठल्याच बाटलीला झेपत नाही आणि सोलकढी तिथे कितीतरी चांगली लागते.

पायरी ६: ताटावर तपासा

दोन्ही बाटल्यांतली थोडी थोडी वाइन दोन ग्लासांत ओता. पहिला घोट रिकाम्या तोंडाने घ्या आणि आंबट, गोड, तुरट, जळजळ या चार गोष्टी मनाशी नोंदवा. मग मसाला बाजूला सारून माशाचा नुसता तुकडा खा आणि त्याच वाइनचा दुसरा घोट घ्या. इथे बघायचं ते मातीचा वास वर आला की खाली बसला. वर आला तर वाइनमध्ये आंबटपणा कमी आहे. आता मसाल्यासकट घास, त्यावर भाकरी, आणि तिसरा घोट. जळजळ वाढली तर अल्कोहोल किंवा टॅनिन जास्त आहे. वाइन पाण्यासारखी लागली तर मसाला तिच्यापेक्षा जड आहे. तोंडात लोखंडी, हिवस चव राहिली तर त्या माशाला ती बाटली नको. मग दुसऱ्या ग्लासाने हेच करा. कुठल्या ताटाला काय लागलं ते वहीत दोन ओळींत लिहून ठेवा. अशा आठ-दहा ओळी जमल्या की दुकानात कोणाला विचारायची गरज उरत नाही.

जोडी जमली नाही तर बाटली बदलण्याआधी ताट दुरुस्त करून बघा. वाइन कडक, बोचरी लागत असेल तर माशावर लिंबू पिळा आणि मिठाची चिमूट टाका. मीठ आणि आंबट खाल्ल्यावर तीच वाइन मऊ लागते. वाइन अचानक फार आंबट वाटायला लागली तर ताटात कुठेतरी गोड आहे. रश्श्यात साखर-गूळ पडलाय का, किंवा शेजारी गोड लोणचं आहे का, ते बघा. तिखटाने बेजार व्हाल तर भात वाढून घ्या आणि वाइन आणखी थोडी गार करा, गारव्याने आग कमी जाणवते.

आणखी एक गोष्ट. भिगवणला जाऊन मासे खायचे असतील तर तिथे वाइन घेऊन गाडी चालवत परतू नका. मासा बर्फात घालून घरी आणा आणि बाटली घरीच उघडा. या मेजवानीचा खरा आनंद सावकाश जेवण्यात आहे. काटे काढत, बोलत, दोन तास.

उरलेली व्हाइट किंवा रोझे झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस चांगली राहते. स्पार्कलिंगचे बुडबुडे साध्या झाकणाने टिकत नाहीत, ती त्याच रात्री संपवा. चौथ्या दिवसानंतर व्हाइटची चव उतरली तर ती पुढच्या रोहूच्या तुकड्यांना मीठ-हळदीबरोबर लिंबाच्या जागी लावा, अर्धा तास ठेवा आणि नेहमीसारखा रस्सा करा.